युकॉनचा ३७–३ चा हंगाम: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ म्हणजे युकॉन. २०२३–२४ च्या हंगामात तो ४० सामने खेळला, ३७ जिंकला आणि सलग दुसऱ्या वर्षी एनसीएए या अमेरिकी कॉलेज क्रीडा संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेचा विजेता ठरला. कॉलेज बास्केटबॉलचा इतका देखणा हंगाम फार क्वचित बघायला मिळतो. या संघाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

प्रश्न: मी एनबीए बघतो, कॉलेजचं बास्केटबॉल फारसं बघितलेलं नाही. सलग दोनदा जिंकण्यात एवढं विशेष काय?

एनबीए ही व्यावसायिक लीग. तिच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांमध्ये, सात सामन्यांची मालिका असते. एक दिवस वाईट गेला तरी पुढच्या सामन्यात सावरता येतं. एनसीएए स्पर्धेत ६८ संघ उतरतात आणि हरला तो घरी जातो. विजेत्याला ओळीने सहा सामने जिंकावे लागतात. त्यात सामना ४० मिनिटांचाच, वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांचा. एनबीएपेक्षा आठ मिनिटं कमी, म्हणजे चुका भरून काढायलाही वेळ कमी. शिवाय दर वर्षी निम्मा संघ बदलतो. युकॉनच्या आधी सलग दोन विजेतेपदं मिळवली होती फ्लोरिडाने, २००६ आणि २००७ मध्ये. त्याच्याही आधी ड्यूकने, १९९१ आणि १९९२ मध्ये. त्या ड्यूक संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन खेळ चालवणारा, होता बॉबी हर्ली. युकॉनचे प्रशिक्षक डॅन हर्ली हे त्याचे धाकटे भाऊ.

प्रश्न: ३७ विजयांचं कौतुक सगळेच करतात. ते तीन पराभव कसे झाले?

तिन्ही पराभव प्रतिस्पर्ध्यांच्या कोर्टवरचे आहेत. १ डिसेंबरला कॅन्ससकडून ६५–६९, २० डिसेंबरला सीटन हॉलकडून ६०–७५ आणि २० फेब्रुवारीला क्रेटनकडून ६६–८५.

कॅन्ससकडून झालेला पराभव कोणालाही चालला असता. तिथल्या प्रेक्षकांसमोर चार गुणांनी हरणं यात काही कमीपणा नाही. सीटन हॉलचा सामना मात्र दुहेरी फटका देणारा होता, कारण त्यात सात फूट दोन इंच उंचीचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा) डॉनोव्हन क्लिंगन पायाला दुखापत होऊन बाहेर गेला. पुढचे पाच सामने तो खेळू शकला नाही. एवढा उंच माणूस गेल्यावर संघाचा डिफेन्स ढासळतो, असा अनुभव आहे. इथे सॅमसन जॉन्सनने जागा सांभाळली आणि ते पाचही सामने युकॉनने जिंकले. मला विचाराल तर या हंगामाची खरी ताकद तिथेच दिसली.

क्रेटनविरुद्धचा पराभव दणदणीत होता. त्याआधी हा संघ ओळीने १४ सामने जिंकला होता आणि देशात पहिल्या क्रमांकावर होता. त्या हारीनंतर तो एकदाही हरला नाही. बिग ईस्ट या आपल्या गटाच्या साखळीतले उरलेले चार, त्याच गटाच्या बाद स्पर्धेतले तीन आणि एनसीएएचे सहा असे तेराच्या तेरा सामने त्याने जिंकले.

प्रश्न: इलिनॉयविरुद्ध ओळीने ३० गुण केले असं वाचलं. या पातळीवर असं होऊच कसं शकतं?

हा सामना मिळाला तर जरूर बघा. ३० मार्च २०२४, बोस्टन, फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांत, कोण जाणार याचा निकाल लागणार होता. इलिनॉय हा त्या वर्षीच्या सर्वांत धारदार ऑफेन्स असलेल्या संघांपैकी एक. पहिलं सत्र संपायला दोनेक मिनिटं असताना धावफलक २३–२३ होता. तिथून तो ५३–२३ झाला. मध्ये इलिनॉयचा एकही गुण नाही, फ्री थ्रोचा (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा) सुद्धा नाही.

कारण बरंचसं एका माणसाच्या हातांत होतं. इलिनॉयचे खेळाडू ड्रिबल करत थेट रिंगकडे घुसणारे. वर्षभर त्यांचं त्यावर चाललं. त्या रात्री ते घुसले की समोर क्लिंगन उभा असायचा, आणि तो उगाच उडी मारत नव्हता. हे बारकाईने बघण्यासारखं आहे. दोन्ही हात वर, पाय जमिनीवर, छाती ताठ, आणि चेंडू समोरच्याच्या हातातून सुटेपर्यंत तो जागचा हलत नव्हता. त्यामुळे फाउल मिळत नव्हता आणि शॉट नेहमीपेक्षा वीतभर उंच मारावा लागत होता. क्लिंगन अडवायला समोर असताना मारलेल्या १९ शॉट्सपैकी एकही आत गेला नाही. १९ पैकी शून्य!

दुसरी बाजू अशी की प्रत्येक चुकलेला शॉट युकॉनला पळण्याची संधी देत होता. इलिनॉयचे तीन-तीन खेळाडू रिंगखाली अडकलेले असताना युकॉनचे गार्ड अर्ध्या कोर्टच्या पुढे पोहोचलेले असायचे. म्हणजे ऑफेन्सचं अपयशच डिफेन्सचं अपयश झालं. इलिनॉयने तरीही आत घुसणं थांबवलं नाही. दोन-तीन मिनिटांनी बाहेरून खेळायला सुरुवात केली असती, तर कदाचित तीस गुणांची मालिका पंधरावर तुटली असती. सामना मात्र तरीही गेलाच असता. शेवटी तो ७७–५२ ने संपला. क्लिंगनचे २२ गुण, १० रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू) आणि ५ ब्लॉक (हाताने अडवलेले शॉट).

प्रश्न: अंतिम सामन्यात पर्ड्यूच्या झॅक ईडीने ३७ गुण केले. तरी त्यांचा संघ १५ गुणांनी हरला. हे गणित मला समजत नाही.

फार चांगला प्रश्न आहे, कारण युकॉनने सामना जिंकला तो याच गणितावर.

ईडी सात फूट चार इंच उंच, सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू. बहुतेक संघ त्याच्यावर दोन खेळाडू सोडायचे. मग बाहेर एक जण मोकळा राहायचा, आणि पर्ड्यूचे नेमबाज थ्री पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) सुमारे ४० टक्के अचूकतेने मारायचे. ४० टक्के थ्री म्हणजे प्रत्येक प्रयत्नामागे १.२ गुण. ईडीने अंतिम सामन्यात २५ शॉट मारले, १५ आत गेले, म्हणजे ३० गुण; उरलेले सात फ्री थ्रोचे. इथेही प्रत्येक शॉटमागे १.२ गुणच पडले. एकट्याने अडवलेला ईडी आणि पर्ड्यूचा नेहमीचा थ्री या दोन्हींची किंमत सारखीच निघाली. मग दोन माणसं त्याच्यावर घालून बाहेरचा शॉट मोकळा का सोडायचा? आणि पूर्ण मोकळा शॉट तर ४० टक्क्यांहूनही जास्त आत जातो.

हर्लींनी ठरवलं की ईडीला क्लिंगन किंवा जॉन्सन एकटाच बघेल. बाकीच्या चौघांनी आपापल्या माणसाला चिकटून राहायचं, मदतीला एक पाऊलही आत टाकायचं नाही. सांगायला सोपं आहे, पण करायला अतिशय अवघड. रिंगखाली बास्केट होताना दिसत असताना मदतीला न जाणं हे खेळाडूच्या सगळ्या सवयींच्या विरुद्ध असतं. युकॉनच्या गार्डनी ते ४० मिनिटं पाळलं. पर्ड्यूने पूर्ण सामन्यात फक्त सात थ्री मारले, एरवी ते याच्या दुपटीहून जास्त मारायचे. सातपैकी एक आत गेला. ईडी सोडून बाकी सगळ्यांचे मिळून २३ गुण झाले. ७५–६०.

ईडीला यात दोष देणं मला मान्य नाही. त्याने १० रिबाउंडही घेतले आणि शेवटपर्यंत झुंजला. त्याच्याकडे चेंडू जाईल तेवढा जाऊ द्यायचा, हेच युकॉनला हवं होतं.

प्रश्न: ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याची व्यवस्था) आणि खेळाडूंना मिळणारे पैसे यामुळे आता श्रीमंत विद्यापीठं संघ विकतच घेतात ना? युकॉनचं यश त्यातलंच नाही का?

पैशाचा प्रभाव वाढला आहे, हे खरं. १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर कमाई करता येते, आणि त्याच वर्षीपासून एक वर्ष बाहेर न बसता पहिल्यांदा विद्यापीठ बदलायचीही मुभा मिळाली. त्यातून होणारी ओढाताण मलाही अस्वस्थ करते.

पण हा संघ बघा. सुरुवातीच्या पाचांपैकी ट्रिस्टन न्यूटन, अ‍ॅलेक्स काराबान आणि क्लिंगन हे तिघे २०२३ च्या विजेत्या संघातही होते. न्यूटन त्याच्या एक वर्ष आधी ईस्ट कॅरोलायनातून आला होता. क्लिंगन तर कनेक्टिकटमधल्याच ब्रिस्टलचा मुलगा. पहिल्या वर्षी अदामा सनोगोच्या मागे बेंचवर बसला, जेमतेम मिनिटं मिळाली, तरी दुसरीकडे गेला नाही. नवे होते ते स्टेफॉन कॅसल, शाळेतून थेट आलेला, आणि कॅम स्पेन्सर. स्पेन्सरने आधी मेरीलँडमधल्या लॉयोलासाठी आणि मग रटगर्ससाठी खेळून इथे शेवटचं वर्ष काढलं. रटगर्समधून आलेल्या या मुलावर कोणी फार मोठ्या आशा ठेवल्या नव्हत्या. त्याने थ्रीमध्ये ४४ टक्के अचूकता दिली आणि सामन्याला सरासरी १४.३ गुण. सर्वांत जास्त सरासरी न्यूटनची, १५.१. पाचही जणांची सरासरी दहाच्या वर. कोणाला अडवायचं, हेच समोरच्याला ठरवता येत नसे. असा समतोल पैशाने येत नाही. कोणाचा स्वभाव कोणाशी जुळेल हे ओळखणारा माणूस लागतो.

प्रश्न: एक वर्ष खेळून मुलं एनबीएला जातात. मग त्याला कॉलेजचा संघ म्हणायचं तरी का? (एका पालकाचा प्रश्न)

तुमची तळमळ समजते. नियम एनबीएचा आहे: ड्राफ्टच्या (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीच्या) वर्षी वय १९ पूर्ण हवं आणि अमेरिकेतल्या मुलाची शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं. म्हणून कॅसलसारखा मुलगा एक वर्षच कॉलेजात दिसतो. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये तो चौथा निवडला गेला, सॅन अँटोनियो स्पर्सकडून, आणि पुढच्याच हंगामात एनबीएचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पण त्याच संघात न्यूटन आणि स्पेन्सर हे पाच-पाच वर्षं कॉलेजात काढलेले खेळाडूही होते. वीस वर्षांच्या आतल्या गुणी मुलाला तेवीस वर्षांच्या मुरलेल्या खेळाडूशेजारी रोज सराव करायला मिळणं, हे मला तरी शिक्षणच वाटतं.

प्रश्न: मी एका कॉलेज संघाला शिकवतो. आमच्याकडे सात फुटांचा कोणी नाही. या संघाकडून काय घ्यावं?

क्लिंगन सोडून द्या आणि चेंडू हातात नसलेल्या चौघांकडे बघा. युकॉनचा ऑफेन्स युरोपातल्या संघांच्या अभ्यासातून घडला आहे. सतत स्क्रीन (सहकाऱ्याच्या बचावपटूची वाट अडवून उभं राहणं) आणि सतत कट (चेंडू मिळवायला अचानक मोकळ्या जागेत धावणं).

त्यांची एक नेहमीची चाल सांगतो. स्पेन्सर एका कोपऱ्यातून निघून रिंगखालून पलीकडे धावतो. वाटेत काराबान स्क्रीन लावतो, दोन पावलांवर क्लिंगन दुसरी. स्पेन्सरला अडवणारा मागे पडतो, म्हणून क्लिंगनचा बचावपटू क्षणभर बाहेर डोकावतो. तेवढ्यात क्लिंगन वळून रिंगकडे निघालेला असतो आणि न्यूटनचा पास त्याच्या डोक्यावर येतो. बचावपटू डोकावला नाही, तर स्पेन्सरला मोकळा थ्री. काराबानच्या माणसाने मदत केली, तर काराबान मोकळा. यात उंचीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं आहे, आणि ते सरावाने येतं.

सरावात तीन विरुद्ध तीन खेळवा आणि ड्रिबल बंद ठेवा. पहिले काही दिवस मुलं कंटाळतील, पास हुकतील. मग आपोआप कट मारू लागतील, कारण चेंडू मिळवायचा दुसरा मार्गच उरत नाही. आणि बास्केट झाल्यावर स्क्रीन लावणाऱ्याचं नाव घेऊन कौतुक करा. एवढं केलं तरी महिन्याभरात फरक दिसेल. आणखी एक: सहावा खेळाडू तयार ठेवा. हसन दियारा बेंचवरून यायचा आणि बिग ईस्टचा सर्वोत्तम सहावा खेळाडू ठरला.

प्रश्न: डॅन हर्ली बाजूला उभे राहून पंचांवर ओरडत असतात. तुम्हाला ते पटतं का?

नाही. त्यांची खेळाची समज असामान्य आहे. वडील बॉब हर्ली शालेय प्रशिक्षणासाठी हॉल ऑफ फेममध्ये गेलेले, घरातच बास्केटबॉल. पण पंचांशी तसं बोलण्याचं समर्थन मी करणार नाही, आणि नवे प्रशिक्षक नेमकं तेवढंच उचलतात याचं वाईट वाटतं. जून २०२४ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सने त्यांना बोलावलं, तरी ते युकॉनमध्येच राहिले. त्यांच्याकडून उचलायचंच असेल, तर ही निष्ठा उचलावी.

प्रश्न: मग सलग तिसरं विजेतेपद का नाही मिळालं?

कॅसल, क्लिंगन, न्यूटन आणि स्पेन्सर हे चौघेही गेले. पाचांपैकी एकटा काराबान राहिला. रिंगखाली क्लिंगनसारखा आधार नव्हता आणि शेवटच्या मिनिटांत चेंडू शांतपणे हाताळणारा न्यूटनही नव्हता. २०२५ च्या स्पर्धेत युकॉनला आठवं मानांकन मिळालं. दुसऱ्या फेरीत गाठ पडली पहिलं मानांकन असलेल्या फ्लोरिडाशी. त्या सामन्यातही युकॉन शेवटच्या काही मिनिटांपर्यंत टिकून होता. ७५–७७ असा दोन गुणांनी हरला. फ्लोरिडा पुढे विजेता झाला.