रंग दिल्यावर फडताळाची दारं अडकतायत? रंधा आत्ता नको

नमस्कार ताई. तुम्ही लिहिलंय की मालवणच्या घरातलं आजीचं सागवानी फडताळ गणपतीसाठी श्रावणात रंगवून घेतलंत. जुन्या रंगावरच ऑईलपेंटचे दोन हात दिले. आता दार ओढलं की चर्र आवाज होऊन रंगाचे पापुद्रे निघतात आणि उजव्या दाराचा खालचा कोपरा घासतो. सुतार उद्या येऊन रंधा मारतो म्हणतोय, तर मारू द्यावा का? माझं कळकळीचं सांगणं आहे, आत्ता त्याला हात लावू देऊ नका.

मी हे एकदा भोगलंय. वेंगुर्ल्याला आमच्या माजघरातल्या कपाटाला मी असाच भर पावसात रंधा मारून घेतला. गणपतीत दारं अगदी अलगद फिरत होती. मे महिन्यात चाकरमानी घरी आले तेव्हा दोन दारांच्या मधून पेन्सिल आरपार जात होती आणि झुरळं थेट पिठाच्या डब्यांपर्यंत पोचली होती. शेवटी कडेला सागाची पट्टी चिकटवून घ्यावी लागली. पट्टीचा जोड अजून दिसतो.

तुमच्या फडताळात दोन वेगळी दुखणी एकत्र आलीत. एक चिकटण्याचं, दुसरं घासण्याचं.

चिकटणं हे रंगाचं काम. ऑईलपेंटमधलं टर्पेंटाइन काही तासांत उडून जातं, बोट लावलं तर कोरडं लागतं आणि आपण दार लावून टाकतो. पण आतला थर घट्ट होतो तो हवेतला प्राणवायू घेऊन, आणि त्याला आठवडे लागतात. श्रावणातल्या दमट हवेत आणखी जास्त. त्यात दार बंद म्हणजे जिथे कड चौकटीला टेकते तिथे हवाच नाही. दोन ओले थर एकमेकांना दाबून बसले की एकजीव होतात. खात्री करायची असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात नख दाबून बघा. खूण उमटली तर रंग अजून कच्चा आहे.

घासणं हे बहुतेक लाकडाचं काम. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवेतलं पाणी लाकूड पितं. लाकूड उंचीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. साग त्यातल्या त्यात शहाणा, तरी ओलावा 1 टक्का वाढला की फळीची रुंदी साधारण 0.2 टक्के वाढू शकते. सलग फळ्यांचं 40 सेंटीमीटरचं दार धरा आणि मेपासून आतापर्यंत ओलावा 4 टक्के वाढला असं समजा. तीन मिलिमीटर झाले की! चौकटीत फळी बसवलेलं दार असेल तर कमी, कारण तिथे कडेच्या उभ्या पट्ट्याच काय त्या फुगतात.

आता रंगाचा हिशोब करा. एक हात सुकल्यावर 30-40 मायक्रॉनचा थर राहतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खाली अस्तराचा (प्रायमरचा) हात दिला असेल तर तो धरून तीन हात म्हणजे 0.1 मिलिमीटर. दोन दारं आणि चौकट मिळून रंगलेल्या सहा कडा येतात, म्हणून 0.6 मिलिमीटर. खाली आजीच्या काळापासूनचे थर आहेत ते वेगळे. म्हणजे रंगाने फट थोडी खाल्ली, पण उरलेली पावसाने खाल्ली, आणि पावसाने खाल्लेली तो दिवाळीनंतर परत देतो. रंध्याने काढलेलं लाकूड कोणी परत देत नाही.

गणपती तोंडावर आहेत आणि नैवेद्याची भांडी आत अडकलीत, म्हणून आत्ताचं बघू. दार हिसका देऊन ओढू नका. मासे पकडायच्या गळाची तंगूस असते ना, ती दोन दारांच्या मधल्या फटीत वरून सरकवा आणि करवतीसारखी मागे-पुढे करत खाली आणा. रंगाचा चिकटा सरळ रेषेत कापला जातो, पापुद्रे उडत नाहीत. बिजागरीच्या बाजूला ती जाणार नाही, तिथे पातळ ब्लेड हळूच फिरवा. उघडली की दारं सताड उघडी ठेवा, पंखा लावा. रात्री लावायचीच असतील तर मध्ये बटर पेपरची घडी ठेवा. वर्तमानपत्र ठेवू नका, अक्षरं रंगावर उमटतात. कडांना थोडी टाल्कम पावडर चालेल. मेणबत्ती घासायचा सल्ला कोणी देईल, पण मेण लागलेल्या कडेवर पुढचा रंग धरत नाही. ते अगदी शेवटी, सगळं रंगकाम संपल्यावर.

खालचा कोपरा घासतोय त्यासाठी आधी वरची बिजागरी तपासा. दार किंचित वर उचलून बघा, खुळखुळलं तर स्क्रू सैल आहे. आपल्याकडे खाऱ्या हवेने लोखंडी स्क्रू गंजतात आणि भोक मोठं होतं. खराट्याचे दोन-तीन हीर तोडून फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, सुकू द्या, मग पितळी स्क्रू बसवा. कितीतरी दारं एवढ्यानेच वर उचलली जातात. बिजागरीच्या पानाखाली किंवा सांध्यात रंग गेला असेल तर तोही खरवडा.

बाकीचं डिसेंबर-जानेवारीत. कागदाची पट्टी फटीतून फिरवा, जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि तेवढ्याच जागेचा रंग घासून काढा. पण कोरडा पॉलिश पेपर मारू नका. घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, आणि हे स्वयंपाकघर आहे. वॉटर पेपर ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसून घ्या, लहान मुलांना तेवढा वेळ लांब ठेवा.

एवढं करूनही त्या कोरड्या दिवसांत दोन मिलिमीटरपेक्षा कमी फट राहिली, तर मग सुताराला बोलवा. रंधा बिजागरीच्या कडेला मारायला सांगा, कारण दुसऱ्या कडेला कडी-कुलपाची खाच असते आणि ती बिघडते. कोऱ्या झालेल्या कडेला त्याच दिवशी अस्तर लावा. आणि एक काम आत्ताच करून ठेवा: छोटा आरसा जमिनीवर ठेवून दाराची खालची कड बघा, स्टुलावर चढून वरची बघा. रंगारी या दोन कडा हमखास सोडतात आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी तिथूनच पितं. कोरं लाकूड दिसलं तर खूण करून ठेवा, म्हणजे थंडीत पहिला हात तिथे बसेल.