कॅन्सस सिटी नक्की कोणत्या कॉलेजची, आणि नव्या माणसाने कोणाची बाजू घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये नोकरीसाठी कॅन्सस सिटीला येताय. टीमच्या पहिल्याच व्हिडिओ कॉलवर कुणीतरी विचारलं, "तू केयूचा की मिझूचा?" सगळे हसले, तुम्हीही हसलात, पण कळलं काहीच नाही. तर हे शहर नक्की कोणाचं, असा तुमचा प्रश्न.

मी 2006 पासून इथे आहे. सरळ उत्तर हवं असेल तर हिवाळ्यात, म्हणजे बास्केटबॉलच्या मोसमात, केयूचं; पानगळीत, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोसमात, कोणाचंच नाही. पण एवढ्यावर तुमचं ऑफिसात भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भूगोल, कारण निम्मं भांडण तिथेच आहे. कॅन्सस सिटी म्हणजे कॅन्सस राज्यातलं शहर, असं आपण धरून चालतो. मुख्य शहर मिझुरी राज्यात आहे. त्याला खेटून, हद्दीच्या पलीकडे, कॅन्सस सिटी नावाचंच दुसरं शहर कॅन्ससमध्ये आहे, आणि त्याच्या दक्षिणेला ओव्हरलँड पार्क, ओलेथा वगैरे उपनगरं, जिथे आपली बहुतेक मंडळी राहतात. मध्ये स्टेट लाइन रोड नावाचा रस्ता आहे. पूर्वेकडच्या फुटपाथवर तुम्ही मिझुरीत, पश्चिमेकडच्या फुटपाथवर कॅन्ससमध्ये. अशा शहरावर तीन विद्यापीठं हक्क सांगतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्सस म्हणजे केयू, लॉरेन्स गावात, इथून जेमतेम 65 किलोमीटर. युनिव्हर्सिटी ऑफ मिझुरी म्हणजे मिझू, कोलंबियाला, पूर्वेला साधारण 200 किलोमीटर. आणि कॅन्सस स्टेट, म्हणजे के-स्टेट, पश्चिमेला मॅनहॅटन नावाच्या छोट्या गावात (न्यूयॉर्कचं नव्हे), तेही जवळपास तेवढंच लांब. तिघांपैकी एकही शहरात नाही. म्हणूनच शहर सगळ्यांना हवंय: पदवी घेऊन मुलं नोकरीला येतात ती इथेच, आणि येताना आपापले झेंडे घेऊन येतात.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा (आपल्याकडच्या) फुटबॉलचा सामना असला की अर्धं गाव एकमेकांशी बोलायचं बंद होतं, हे लहानपणापासून बघितलेलं. तेव्हा कॉलेजच्या पोरांच्या खेळावरून मोठी माणसं का भांडतात, असा प्रश्न मला पडला नाही. घोळ वेगळाच झाला.

नोकरीला लागून दोन-तीन आठवडे झाले असतील. थंडी सुरू झाली होती आणि अंगावर घालायला धड काही नव्हतं. मिझुरी बाजूच्या एका मॉलमध्ये जाड, आतून लोकर लावलेला काळा स्वेटशर्ट निम्म्या किमतीत दिसला. छातीवर पिवळा वाघ. घेतला. सोमवारी घालून कॅन्सस बाजूच्या ऑफिसात गेलो. लिफ्टमध्ये एका बाईंनी माझ्याकडे बघून हळहळल्यासारखं "ओह हनी" म्हटलं. माझा मॅनेजर शांतपणे म्हणाला, "हीटर वाढवू का? म्हणजे तुला तो काढता येईल." दुपारी डबा खाऊन परत आलो तर खुर्चीच्या पाठीवर निळा टी-शर्ट घडी करून ठेवलेला, त्यावर लाल डोक्याचा, पिवळ्या चोचीचा, पायात बूट घातलेला पक्षी. तो जेहॉक, केयूचं चिन्ह. माझा वाघ निघाला मिझूचा. असा पक्षी जगात कुठे नाही, पण त्याच्याबद्दल वाकडं बोलून बघा.

हा जेहॉक आला कुठून, तिथे खरी गोष्ट सुरू होते. 1854 च्या कायद्याने असं ठरलं की कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नाही हे तिथल्या रहिवाशांनीच मत देऊन ठरवायचं. शेजारच्या मिझुरीत गुलामगिरी होतीच. मग दोन्ही बाजूंनी माणसं घुसली, मारामाऱ्या झाल्या, गावं जळाली. कॅन्ससच्या बाजूने हद्द ओलांडून लढणाऱ्या आणि लुटालूट करणाऱ्या टोळ्यांना जेहॉकर म्हणत. यादवी युद्ध सुरू झाल्यावर 1861 मध्ये कॅन्ससच्या जिम लेनने मिझुरीतलं ओसिओला गाव जाळलं. 21 ऑगस्ट 1863 ला क्वांट्रिलच्या टोळीने मिझुरीतून येऊन लॉरेन्स जाळलं, दीडशेच्या आसपास पुरुष आणि पोरं मारली. चारच दिवसांनी लष्कराने फर्मान काढून मिझुरीचे हद्दीलगतचे तालुकेच्या तालुके रिकामे करायला लावले. मिझूचा वाघसुद्धा त्याच काळातला. कोलंबियाला अशा टोळ्यांपासून वाचवायला गावकऱ्यांनी जे पथक उभं केलं, त्याचं नाव टायगर्स. म्हणजे गंमत बघा, क्वांट्रिलसारख्यांना अडवायला उभ्या राहिलेल्या पथकाचं नाव लावणाऱ्यांना केयूवाले क्वांट्रिलची अवलाद म्हणतात.

केयूचे जुने फुटबॉल प्रशिक्षक डॉन फॅम्ब्रो तर सामन्याआधी पोरांना क्वांट्रिलची गोष्ट सांगून पेटवायचे, आणि तो मिझूचाच माजी विद्यार्थी होता अशी खुशाल पुस्ती जोडायचे. खरं म्हणजे तो लॉरेन्समध्ये राहून गेलेला शाळामास्तर. पलीकडे मिझूचे बास्केटबॉल प्रशिक्षक नॉर्म स्टुअर्ट. ते म्हणे संघाची बस कॅन्ससमध्ये पेट्रोल भरायला थांबू देत नसत, आपला डॉलर त्यांच्या खिशात जायला नको म्हणून. या गोष्टी कितपत खऱ्या ते सोडा, इथल्या प्रत्येकाला त्या पाठ आहेत. तुम्हालाही पहिल्याच बार्बेक्यूला ऐकवतील.

दोघांचा पहिला फुटबॉल सामना झाला 1891 मध्ये, तोही इथे कॅन्सस सिटीतच. तेव्हापासून किती कोणी जिंकले यावरही एकमत नाही. 1960 मध्ये मिझू देशात पहिल्या क्रमांकावर असताना केयूने त्यांना 23-7 हरवलं. नंतर केयूचा एक खेळाडू अपात्र ठरला आणि सामना मिझूला बहाल झाला. केयू आजही तो आपल्या विजयांत मोजतं, मिझू आपल्या. जाहीर नाव होतं 'बॉर्डर वॉर'. 2004 मध्ये, इराक युद्ध चालू असताना 'वॉर' शब्द बरा दिसत नाही म्हणून ते बदलून 'बॉर्डर शोडाउन' केलं. ते नाव मी फक्त तिकिटावर छापलेलं बघितलंय, कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

त्या तिकिटाची तारीख 24 नोव्हेंबर 2007. सामना ॲरोहेडवर, म्हणजे एरवी शहराचा व्यावसायिक फुटबॉल संघ चीफ्स खेळतो त्या मैदानावर, आणि प्रेक्षक ऐंशी हजारांवर. केयू देशात दुसरं, मिझू त्याच्या पाठोपाठ. शतकभराचं भांडण असलेले हे दोन संघ एकाच वर्षी इतके वर, असं कधी झालं नव्हतं. स्टेडियम उभं चिरल्यासारखं, एक बाजू निळी, एक काळी-पिवळी. एकीकडून "एम-आय-झी", लांबून "झी-ओ-यू". दुसरीकडून "रॉक चॉक, जेहॉक, केयू", तेही देवळात आरती संपताना लांबवतात तसं, हळू आणि ओढून. ज्याच्याकडून तिकीट मिळालं तो मॅनेजर शेजारीच होता, मी त्यानेच दिलेल्या निळ्या टी-शर्टात, त्यावर दोन जॅकेटं. केयू खूप मागे पडून परत अंगावर आलं, आणि शेवटची काही सेकंद उरलेली असताना त्यांचा टॉड रीसिंग स्वतःच्याच टोकाला पकडला गेला. मिझू 36-28. तो उठला तेव्हा हेल्मेटच्या जाळीत गवताचा अख्खा ढेकूळ अडकलेला. दुसऱ्या दिवशी ते चित्र सगळीकडे होतं, आणि मिझूवाल्यांच्या घरात आजही फ्रेम करून लावलेलं सापडतं. मॅनेजर पार्किंगपर्यंत एक शब्द बोलला नाही.

मग कोल्हापूर आणि इथं यात फरक काय? आपल्याकडे पेठ कळली की तालीम कळते. इथे एका घरात दोन झेंडे असतात. माझे शेजारी: नवरा मिझूचा, बायको केयूची. दारात मधोमध शिवलेला झेंडा, अर्धा वाघ, अर्धा जेहॉक. असे झेंडे दुकानात तयार मिळतात. 25 फेब्रुवारी 2012 ला लॉरेन्सला या दोघांचा बास्केटबॉल सामना होता. नवरा तळघरातल्या टीव्हीसमोर, बायको वरच्या. मी आणि माझी बायको वर, पाहुण्यासारखे. खालच्या टीव्हीवर चित्र दोन सेकंद आधी यायचं, त्यामुळे काय होणार हे आम्हाला खालच्या आवाजावरून आधीच कळायचं. मिझू 19 गुणांनी पुढे होतं तोवर खालून नुसता आनंद. मग केयू एकेक करत जवळ आलं, सामना जादा वेळेत गेला, आणि 87-86 ने केयू जिंकलं. खालून काहीच आवाज आला नाही. दहा मिनिटांनी तो वर आला, बायकोला म्हणाला, "बरं झालं, आता परत खेळायलाच नको."

आणि खरंच तसं झालं. त्या जुलैत मिझू बिग ट्वेल्व्ह हा तिघांचाही गट सोडून एसईसी या दक्षिणेकडच्या जास्त श्रीमंत गटात गेलं. टीव्हीचा पैसा आणि जुना गट फुटण्याची भीती, ही कारणं. केयूने सांगून टाकलं, गेलात तर गेलात, आम्ही तुमच्याशी खेळणार नाही. मिझूवाले म्हणाले, घाबरलात. बास्केटबॉलचा अधिकृत सामना परत व्हायला 2021 उजाडलं, फुटबॉलचा थेट 2025 मध्ये, कोलंबियाला. तो मिझूने 42-31 जिंकला. मधल्या काळात 2017 मध्ये एकदाच, चक्रीवादळग्रस्तांच्या मदतीसाठी शहरात प्रदर्शनी सामना झाला. कोपरखळ्या मात्र खऱ्या होत्या.

माझ्या मते शहर कोणाचं हे 2012 ते 2021 या नऊ वर्षांत ठरलं. बिग ट्वेल्व्हची बास्केटबॉल स्पर्धा दर मार्चमध्ये शहराच्या मिझुरी बाजूलाच होत राहिली, पण त्यात मिझू नाही. मार्चच्या त्या आठवड्यात डाउनटाउनला जा, सगळं निळं दिसेल. त्यात केयूचा बास्केटबॉलचा वारसा असा की भांडायला जागाच नाही. ज्यांनी हा खेळ शोधला ते जेम्स नेस्मिथ केयूचे पहिले प्रशिक्षक (आणि गंमत म्हणजे जिंकण्यापेक्षा हरलेच जास्त). 1988 ची राष्ट्रीय स्पर्धा केयूने याच शहरात जिंकली, पुढे 2008 आणि 2022 ची बाहेर. मिझुरीत राहणारी, मिझुरीत कर भरणारी कितीतरी कुटुंबं हिवाळ्यात निळी होतात ती यामुळे. मिझूची पकड उरली ती लिबर्टी, लीज समिट अशा पूर्वेकडच्या उपनगरांत. तिथली पोरं आपल्या राज्यातल्या मुलांना फी कमी म्हणून कोलंबियाला जातात आणि वाघ होऊन परत येतात.

आता के-स्टेट. यांना विसरू नका, ही इथली सगळ्यात सामान्य चूक आहे. बॉर्डर वॉरच्या गोंगाटात जांभळ्या रंगाकडे कुणाचं लक्ष नसतं, पण 1989 मध्ये बिल स्नायडर आले आणि तोवर हरण्यासाठीच प्रसिद्ध असलेला तो फुटबॉल संघ बदलून गेला. 2009 ते 2025 अशी सलग सतरा वर्षं त्यांनी केयूला फुटबॉलमध्ये हरवलं. के-स्टेटची माणसं मवाळ, शेतीच्या गावांतून आलेली, आरडाओरडा न करणारी. पण ऑफिसात कुणी केयूचा फुटबॉलबद्दल बोलायला लागला की कोपऱ्यातून एकजण नुसतं "सतरा" म्हणतो. माझ्या शेजाऱ्यांची थोरली प्राण्यांची डॉक्टर व्हायचं म्हणून 2023 मध्ये के-स्टेटला गेली. झेंड्याखाली आता एक छोटा जांभळा लटकतोय. बापाला केयूपेक्षा ते परवडलं.

तुमच्यासाठी व्यवहाराचं सांगतो. विचारलं की तुम्ही कोणाचे, तर "अजून ठरवतोय" म्हणा. चालतं, वर्षभर चालतं, आणि तिन्ही बाजूंची फुकट तिकिटं मिळतात. चीफ्सबद्दल मात्र ठरवतोय म्हणू नका, तिथे सगळे एक. सामन्यावर पैसे लावायचा नाद असेल तर दोन्ही बाजूंना कायदा आता मोकळा आहे. मिझुरीत तो डिसेंबर 2025 पासून. त्याआधी तिकडची माणसं स्टेट लाइन ओलांडून, कॅन्ससच्या पहिल्याच पार्किंगमध्ये गाडी लावून फोनवर पैजा लावायची आणि परत जायची. लॉरेन्स जाळल्याचे विनोद तुम्ही स्वतः करू नका. त्यांनी केले तर हसा.

यंदाचा फुटबॉल सामना सप्टेंबरात लॉरेन्सला आहे. शेजारीण म्हणते माझ्याबरोबर चल, शेजारी म्हणतो माझ्याबरोबर. दोघं एकाच गाडीतून जाणार आहेत, तेव्हा मी मागच्या सीटवर. तो काळा स्वेटशर्ट अजून आहे माझ्याकडे, वीस वर्षांत एकही टाका उसवला नाही. बर्फ उपसताना घालतो, उजाडायच्या आत.