लाइफटाइम वॉरंटी म्हणजे बंदूक भरवशाची का?

प्रश्न: नमस्कार, आम्ही १२ वर्षं डॅलसला आहोत, ग्रीनकार्ड झालंय. बायको नर्स आहे, तिला नाइट शिफ्ट असते, आणि मागच्या महिन्यात आमच्याच गल्लीत दोन घरं फोडली, तेव्हापासून पिस्तूल घ्यायचं माझ्या डोक्यात आहे (बायको अजून नाहीच म्हणतेय). दुकानात हाय-पॉइंटचं पिस्तूल बघितलं, २०० डॉलरच्या आसपास, आणि त्याला लाइफटाइम वॉरंटी. ग्लॉक दुपटीपेक्षा महाग आणि वॉरंटी फक्त १ वर्ष! आमची आई साधा मिक्सर घेताना पण आधी गॅरंटी किती ते विचारायची. मग १ वर्षवाल्याला जास्त पैसे का मोजायचे?

उत्तर: तुमच्या आईचं मिक्सरच्या बाबतीत बरोबरच होतं, कारण मिक्सर रोज चालतो. आज चटणी, उद्या इडलीचं पीठ, मोटर कच्ची असेल तर सहा महिन्यांत जळते आणि माणूस बिल घेऊन दुकानात हजर. त्यामुळे ५ वर्षं वॉरंटी देणाऱ्या कंपनीला मोटर खरंच बरी बनवावी लागते, नाहीतर दिवाळं.

बंदुकीचं उलटं आहे. बरेच लोक पिस्तूल घेतात, रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) जाऊन ५० गोळ्यांचे एक-दोन बॉक्स उडवतात आणि मग ते जे ड्रॉवरमध्ये जातं ते वर्षानुवर्षं तिथेच. समजा एखादं पिस्तूल दर २०० गोळ्यांमागे एकदा अडकतं, हे वाईटच म्हणायचं, पण १०० गोळ्या उडवून ठेवून देणाऱ्याला ते कदाचित कधी कळणारच नाही. आणि जो दर रविवारी रेंजवर जातो तो अडकलेलं काडतूस स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) खेचून काढतो, दोन शिव्या देतो आणि पुढे चालू, वॉरंटीचा फॉर्म कोण भरत बसतंय. म्हणजे क्लेम थोडेच येणार, आणि जिथे क्लेम थोडे तिथे आयुष्यभराचं वचन द्यायला कंपनीच्या बापाचं काय जातं? वर स्वस्त मालाला लाइफटाइम शब्द चिकटला की गिऱ्हाइकाची धाकधूक कमी होते. जाहिरातीचा खर्च समजा.

सगळ्यात मजा रुगरची. ही अमेरिकेतली मोठी जुनी कंपनी लेखी वॉरंटी देतच नाही. बंदुकीबरोबर वॉरंटी कार्ड का नाही याचं कारणही सांगते, की १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याप्रमाणे लेखी वॉरंटी द्यायलाच पाहिजे असं काही नाही, पण दिली तर कायद्याच्या सगळ्या अटी लागू होतात, त्यापेक्षा नकोच. आणि तरी त्यांची सर्व्हिस चांगली म्हणून लोक नाव घेतात! कागदावर शून्य वॉरंटी, म्हणून रुगर शून्य भरवशाची म्हणणार का?

दुसऱ्या टोकाला टॉरस, ब्राझीलची कंपनी. आयुष्यभर फुकट रिपेअर ही त्यांची वर्षानुवर्षांची जाहिरात. २०१५ मध्ये त्यांच्याच पिस्तुलांच्या ९ मॉडेल्सबद्दल अमेरिकेत कोर्टात तडजोड झाली, जवळजवळ १० लाख पिस्तुलं, तक्रार अशी की खाली पडलं तर गोळी सुटू शकते. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण तडजोड केली. आता पिस्तूल पडून सुटलेली गोळी कुठली वॉरंटी परत आणणार?

अजून एक गोष्ट इथल्या जुन्या लोकांनाही माहीत नसते. टोस्टर सदोष निघाला तर तो परत मागवायला लावायचा अधिकार सीपीएससी या सरकारी संस्थेला आहे, पण १९७२ च्या ज्या कायद्याने ती संस्था आली त्यात बंदुका आणि गोळ्या बाहेर ठेवल्यात. म्हणजे बंदुकीचा रिकॉल करायचा की नाही ते कंपनीच ठरवते, फार तर कोर्टाचा धाक. मग शब्द पण गोड निघतात, २०१७ मध्ये सिग कंपनीने त्यांचं पी-३२० पिस्तूल पडल्यावर उडतं म्हणून बोभाटा झाल्यावर जे केलं त्याला रिकॉल नाही, ‘ऐच्छिक अपग्रेड’ म्हटलं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कंपनीचं नाव नको. पॉइंट टू टू चं (म्हणजे बारीक गोळीचं) पिस्तूल, लाइफटाइमवालं, दर मॅगझिनला (गोळ्या भरायच्या डबीला) एकदा तरी अडकायचं. पाठवलं. सात आठवड्यांनी परत आलं, आत चिठ्ठी, ‘टेस्ट फायर ओके’. पहिल्याच मॅगझिनला पुन्हा तेच. शेवटी रेंजवरच्या एका म्हाताऱ्याने मॅगझिन हातात घेऊन बघितलं, म्हणाला वरची पट्टी वाकलीय, दुसरी मॅगझिन घाल. काम झालं. कंपनीने त्यांच्या मॅगझिनने उडवून बघितलं असणार, त्यांच्या दृष्टीने खरंच ओके. गोळी कुठली, मॅगझिन कुठली, मनगट सैल धरलं का, यावर बरंच अडकणं अवलंबून असतं आणि वॉरंटीत त्यातलं काहीच येत नाही, घरी दारू भरून बनवलेल्या गोळ्या वापरल्या तर बऱ्याच कंपन्या थेट हात वर करतात.

तेव्हा रेंजवर दोन्ही भाड्याने मिळत असतील तर आधी चालवून बघा. जे घ्याल त्यातून निदान २०० गोळ्या उडवा, आणि घरी ज्या ठेवणार त्याच जातीच्या ५० तरी त्यात असू द्या. अडकलं तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका, वॉरंटी कितीही असो. मुलंबाळं आहेत का ते लिहिलं नाहीत, असतील तर कुलपाची पेटी पिस्तुलाच्या आधी घ्या, बायकोचं ‘नाही’ थोडं मऊ झालं तर त्यानेच होईल.

प्रश्न: जुनी बंदूक घेतली तर लाइफटाइम वॉरंटी आपल्याला लागू होते का?

उत्तर: कंपनीवर आहे. हाय-पॉइंट मालक पहिला की चौथा बघत नाही, हे त्यांचं मानायला पाहिजे. स्मिथ अँड वेसनची आयुष्यभराची सर्व्हिस पहिल्या खरेदीदारापुरती. आणि आयुष्य कोणाचं तेही बघा, रेमिंग्टनने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, दुसऱ्या वेळी कंपनीचे तुकडे करून विकले. जुनी घेताना सीरियल नंबर टिपून घ्या, कंपनीच्या साइटवर त्यावर रिकॉल किंवा ‘अपग्रेड’ आहे का बघा आणि मगच पैसे द्या. दुरुस्तीला कंपनीकडे थेट पाठवता येते, तिथून घरी परत पण येते, मध्ये दुकानदार लागत नाही, फक्त आपण होऊन कुरियरच्या काउंटरवर नेऊन ठेवू नका, कंपनीला फोन करून त्यांचं लेबल मागवा.