गाडी उभी राहिली की काटा वर, पळाली की खाली: घरी काय तपासाल?

तुम्ही विचारलंय की आठ वर्षं जुनी पेट्रोल गाडी जळगावात सिग्नलला थांबली की टेंपरेचरचा काटा चढतो, हायवेला लागली की उतरतो, आणि गॅरेजवाला रेडिएटर बदला म्हणतो. घरी काही तपासता येईल का?

भाऊ, रेडिएटरचे पैसे काढायची घाई करू नका. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर गार करतो, उभी असली की ते काम पंख्याचं. रेडिएटर आतून चोंदलेला असता तर हायवेवर, खास करून कन्नड घाट चढताना, काटा आधी बोंबलला असता. तेव्हा पहिला संशय पंख्यावर.

मी अमळनेरचा. मे महिन्यात एका वरातीमागे अडकलो, डीजे जागचा हलेना आणि काटा लालला टेकला. त्याआधी एका गॅरेजने थर्मोस्टॅट (इंजिनातल्या कूलंटची वाट उघडझाक करणारी झडप) बदलून पैसे घेऊन झाले होते. शेवटी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या शेजारच्या काकांनी गाडी चालू ठेवून बॉनेट उघडलं, जरा वेळ नुसतं बघत राहिले आणि म्हणाले, "पंखाच फिरस नही भो."

तुम्हीही तेच बघा. गाडी सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत मिनिटभरात रेडिएटरचा पंखा लागतो. लागला, तर एसी बंद करून गाडी उभ्या जागी चालू ठेवा. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला तरी पंखा गप्प असेल तर तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडे बघायचं. एसीवरही लागला नाही तर गाडी बंद करा आणि फ्यूज बॉक्स उघडा. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. आपल्याकडे तार गुंडाळून काम भागवायची खोड आहे, ती इथे नको, वायरिंग जळेल. नवाही उडाला तर मोटार जाम आहे किंवा वायर कुठेतरी घासलीय. फ्यूज ठीक असेल तर रिले, म्हणजे पंख्याला वीज सोडणारा छोटा चौकोनी स्विच. हॉर्नच्या रिलेवर तोच नंबर छापलेला असेल तर दोघांची अदलाबदल करून बघा, फुकटात निदान होतं. माझ्या गाडीत हे सगळं ठीक निघालं. पंख्याचा प्लग काढला तर आतली एक पिन करपून तपकिरी झालेली आणि प्लास्टिक वितळलेलं. ऑटो इलेक्ट्रिशियनने नवा प्लग जोडला, थर्मोस्टॅटच्या निम्म्या पैशांतच काम झालं. हो, पंख्याजवळ हात घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

पंखा व्यवस्थित फिरत असेल तर जाळी बघा. समोर एसीची जाळी म्हणजे कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर, आणि मधल्या फटीत आपल्या भागातली धूळ आणि जिनिंगच्या रस्त्यावर उडणारा कापूस. तो ओला होऊन गोधडीसारखा बसतो, बाहेरून दिसतही नाही. थंड गाडीवर, इंजिनच्या बाजूने बाहेर, बागेच्या नळीने हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरची जोराची धार मारली की जाळीच्या नाजूक पात्या वाकतात.

कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव, सकाळी, इंजिन पूर्ण थंड असतानाच बघायचं. गरम असताना रेडिएटरची टोपी उघडणं म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडणं. टोपीचं रबर कडक झालं असेल तर दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं, म्हणून तीही बदलून टाका. बोअरचं पाणी अजिबात ओतू नका, आपल्याकडच्या क्षारांनी माठ पांढरे होतात तसा रेडिएटर आतून होतो. अडचणीत आरओचं पाणी चालेल, नंतर नीट कूलंट भरून घ्या.

रस्त्यात काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल गरम, ब्लोअर फुल. इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये निघून येते. ४४ डिग्रीत हीटर लावून, काचा खाली करून मी त्या वरातीमागे बसलो होतो, घोड्यावरचा नवरदेवही वळून बघत होता. एवढ्यानेही काटा उतरला नाही तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, इंजिनचं हेड (वरचा भाग) तडकू शकतं.

ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, किंवा बाहेर गळती नसताना कूलंट रोज कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा (हेड आणि इंजिन यांच्यामधलं सील) संशय धरा. तेव्हा गाडी चालवत नेऊ नका, टो करूनच न्या.