मॉस्किटो, गेरिला, व्हॅनिला: हे स्पॅनिश शब्द खरंच ‘छोटं’ रूप दाखवतात का?

हो, तिन्ही. स्पॅनिशमध्ये ‘-इतो/-इता’ आणि ‘-इयो/-इया’ हे प्रत्यय लागले की वस्तू लहान होते; आपल्या लोटा-लोटीसारखंच. ‘मोस्का’ म्हणजे माशी, म्हणून ‘मोस्कीतो’ म्हणजे छोटी माशी. ‘बाइना’ म्हणजे म्यान किंवा शेंग. छोटी शेंग ती ‘बाइनिया’, म्हणजेच आपली व्हॅनिला.

सगळ्यात रंजक गेरिला. ‘गेर्रा’ म्हणजे युद्ध (हा मूळचा जर्मानिक शब्द, लॅटिन नव्हे), तर ‘गेर्रिया’ म्हणजे छोटं युद्ध. 1808 ते 1814 या काळात स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांवर लोकांनी छापे घातले, तेव्हा हा शब्द युरोपभर गेला. स्पॅनिशमध्ये गेर्रिया म्हणजे अशी लढाई किंवा टोळी. एकटा लढवय्या तो ‘गेर्रियेरो’. आपण माणसालाच गेरिला म्हणतो, ते इंग्रजीमुळे.



मात्र शेवटी ‘-इया’ दिसला म्हणून लगेच फसू नका. ‘सीया’ म्हणजे साधी खुर्ची, लॅटिन ‘सेल्ला’वरून आलेली. छोटी खुर्ची हवी तर ‘सीयीता’ म्हणावं लागतं.