दीड लाख घेऊन सही करायची का? आधी हिशेब बघू

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. इथे बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुंबईत खैरानी रोडवरच्या एका गाळ्यात यांचे मिस्टर पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणारं मशीन) होते, वय 35, पगार 18,000, ऑगस्ट 2025 मध्ये डाव्या हाताची दोन बोटं डायमध्ये, म्हणजे मशीनच्या साच्यात गेली, मुळापासून. हॉस्पिटलचं 48,000 बिल शेठने भरलं. आता आठ महिन्यांनी शेठ म्हणतोय दीड लाख घ्या, त्यातून 40,000 उचल कापतो, 1,10,000 रोख, आणि स्टॅम्प पेपरवर "यापुढे काही मागणार नाही" अशी सही. मिस्टर त्याच गाळ्यात आता हेल्पर म्हणून 11,000 वर आहेत. घरात 80,000 चं गोल्ड लोन आहे, महिना दीड टक्का. ताईंचा प्रश्न असा की पैसे घेऊन सोनं सोडवू का आणि उरलेले एसआयपीत टाकू का.

एसआयपीचं राहू दे, आधी 1,10,000 हा आकडा कुठून आला ते बघू. तो शेठच्या मनातून आलाय.

कायद्यातला आकडा असा निघतो. अपघात ऑगस्ट 2025 चा, म्हणजे 1923 चा कर्मचारी नुकसान भरपाई कायदाच लागतो (नवीन सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून आली, ती नंतरची). पगार 15,000 पेक्षा जास्त असला तरी हिशेबाला 15,000 च धरतात, त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले वयाचा फॅक्टर, 35 व्या वर्षाला तो 197.06 आहे. झाले 17,73,540. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची ताकद 20 टक्के गेली असं कायद्याच्या परिशिष्टात धरलंय, म्हणून त्याचे 20 टक्के. 3,54,708 रुपये. कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघा, मग शेठशी बोलताना आवाज आपोआप बदलतो.

यातून हॉस्पिटलचं बिल कापता येत नाही, औषधोपचाराचा खर्च वेगळा आणि तोही मालकाचाच. उचलही वळती करता येत नाही, या भरपाईवर कुणाचंच देणं चढवता येत नाही, सावकाराचं पण नाही. उचल खरी असेल तर ती पगारातून हळूहळू फेडा, त्याला कोण नाही म्हणतंय, पण बोटांच्या पैशातून नको.

आता खरा मुद्दा. तुम्ही घाईत आहात ते गोल्ड लोनमुळे, हो ना? 80,000 वर दीड टक्का म्हणजे महिन्याला 1,200 जातात. आणि भरपाई महिन्याभरात दिली नाही तर तिच्यावर वर्षाला 12 टक्के सरळव्याज चढतं, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन हजार, तुमच्या बाजूने. थांबण्यात तुम्ही कागदावर तरी कमावताय, शेठ गमावतोय. वर विनाकारण उशीर केला म्हणून आयुक्त (या कायद्याखालचे दावे ऐकणारे अधिकारी) 50 टक्क्यांपर्यंत दंड पण लावू शकतात. तेव्हा फक्त 1,200 व्याज भरत राहा, लोन रिन्यू करून घ्या, आणि भिशी पुढच्या दोन महिन्यांत उचलता आली तर ती यात घाला.

पण मी गुलाबी चित्र काढत नाही. तुम्ही लिहिलंय की प्रेसला दोन बटणं होती, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय चालायचं नाही, पण एक बटण खाकी चिकटपट्टीने कायम दाबून ठेवलेलं असायचं म्हणजे एका हाताने पत्रा सारता येईल आणि माल जास्त निघेल. शेठचा वकील पहिलं हेच म्हणेल की तुमच्या माणसानेच मुद्दाम सेफ्टी काढली, आणि ते सिद्ध झालं तर अशा दुखापतीत भरपाई बुडते. म्हणून पट्टी कुणी लावली, बाकीच्या प्रेसवरही होती का, कुणी रोखलं होतं का, हे आत्ताच लिहून ठेवा. फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आणि नोकरी. दावा केला तर 11,000 जातील ही भीती खोटी नाही. पण 3,54,708 आणि 1,10,000 मधला फरक त्यांच्या बावीस महिन्यांच्या पगाराएवढा आहे, तर किंमत कळून निर्णय घ्या.

मी असतो तर आधी भांडलो नसतो, शेठला एकच विचारलं असतं: तुमची डब्ल्यूसी पॉलिसी (कामगारांच्या अपघात भरपाईचा विमा) आहे का? बऱ्याच गाळेवाल्यांकडे असते, आणि असेल तर पैसे विमा कंपनी देते, तो उगाच खिशातून घासाघीस करतोय. (ईएसआयसीचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं पण बघून घ्या. तुम्ही सात माणसं म्हणताय म्हणजे लागू नसावं, दहा लागतात. पण पगारातून ईएसआयसी कापत असतील तर हा सगळा हिशेबच बदलतो, मग मालकाकडून नाही, तिथून महिन्याला पेन्शन मिळते.)

पॉलिसी नसेल आणि तो तीन लाखांच्या आसपास तयार झाला तर तिथेच मिटवा, वर्षानुवर्षं तारखांना जाण्यापेक्षा मला ते चालेल. पण पैसे बँकेत, आणि करार आयुक्तांकडे नोंदवून. रक्कम फारच कमी असेल तर ते नोंदवायला नकार देऊ शकतात, तीच तुमची ढाल. हक्क सोडल्याचा साधा स्टॅम्प पेपर कायद्याने रद्दच आहे, पण एकदा सही करून पैसे घेतल्यावर माणूस परत जात नाही हे शेठला पण माहितीये.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट 2027. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणात औद्योगिक कामगाराला आणि बाईमाणसाला वकील फुकट मिळतो. कुठे अर्ज करायचा ते बीकेसीच्या कामगार भवनात विचारा, जाताना डिस्चार्ज पेपर, पगाराच्या बँक एंट्र्या आणि आधार घेऊन जा. हजेरीची वही शेठकडे आहे म्हणालात, त्याच्या पानांचा मिस्टरांच्या मोबाईलवर फोटो निघतो का बघा, आज-उद्याच.

पैसे आले की आधी सोनं सोडवा, मग सहा महिन्यांचा घरखर्च पोस्टात किंवा एफडीत, एसआयपी त्यानंतर. आणि दोघांच्या बँक खात्यातून वर्षाला 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना लगेच सुरू करा. दोन बोटांना तिने काही दिलं नसतं, पण मिस्टर अजून त्याच गाळ्यात जातायत.