पोरीचं हॉटेल मॅनेजमेंट: फी बघायची की वर्षं?

प्रश्न: मुलगी बारावी झाली, हॉटेल मॅनेजमेंटच करणार म्हणून हटून बसलीय. पुण्यातल्या एका प्रायव्हेट कॉलेजची फी ऐकून पोटात गोळाच आला. एवढा खर्च वसूल होतो का? – एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ताई, नुसती फी बघू नका, वर्षं पण मोजा. एनसीएचएम जेईई ही देशभरची प्रवेश परीक्षा देऊन आयएचएमला (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट), म्हणजे मुंबईत दादरचं १९५४ पासूनचं धरा, तिथं नंबर लागला तर बीएस्सी तीन वर्षांत होतं आणि राज्याच्या सीईटीतून बीएचएमसीटी ही हॉटेल मॅनेजमेंटचीच डिग्री केली तर चार, म्हणजे अजून एक वर्षाची फी, होस्टेल, मेस आणि पगार पण तेवढाच लांबला. पण एक मोठी गोष्ट आहे बघा, २०२४ पासून कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, आलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा) मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की ती माफी गेली, प्रायव्हेट युनिव्हर्सिटीलाही नाही, म्हणून कॉलेज कॅपमध्ये आहे का ते आधी विचारा.

आणि ब्रोशरवरच्या शंभर टक्के प्लेसमेंटवर जाऊ नका हो! त्यांच्या किचनमध्ये जाऊन उभं रहा, एका बॅचला बर्नर किती, पोरं स्वतः कांदा चिरतात की सर करून दाखवतात आणि बाकीचे वहीत लिहितात. माझ्या मते पैसे इथंच वसूल होतात. मागच्या बॅचच्या एक-दोन पोरींना फोन लावा, हातात पगार किती पडतो विचारा. नाइफ किट, युनिफॉर्म फीत धरलंय का तेही.